अर्धवट राहिलेलं पोस्टिंग

“मग इथे शिकायला आहे काय, बाई?”

विचारलं खरं, पण विचारता विचारताच निरंजन ओशाळला. हाच प्रश्न त्यानं याच खोलीत, याच बाईंना पूर्वी एकदा विचारला होता. तेव्हा तो तरुण होता, अंगात रग होती, आणि प्रश्नात उत्तर ऐकायची इच्छा नव्हती.

आज मात्र त्याला उत्तर हवं होतं. अगदी मनापासून हवं होतं.

बाई म्हणजे डॉक्टर यमुना लोटलीकर. घाटाखालच्या आंबेखोल गावात त्यांनी हा दवाखाना उभा केला आणि त्यातच म्हाताऱ्या झाल्या. अख्ख्या घराचा डॉक्टर व्हायचं शिक्षण म्हणजे फॅमिली मेडिसिन. ते शिकणारे रेसिडेंट शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलातून काही महिने बाईंकडे पाठवले जात. निरंजन खापरे हा त्यांच्या अगदी पहिल्या रेसिडेंटांपैकी.

आता त्याचे केस पिकायला लागले होते. शहरात तो विभागप्रमुख होता. रेसिडेंटना शिकवायची मान्यता कुठल्या दवाखान्याला द्यायची आणि कुणाची काढायची, हे ठरवणाऱ्या समितीवर होता. आंबेखोलची पाहणी निघाली तेव्हा सगळ्यांनी त्याच्याकडेच बोट दाखवलं. तुम्हाला ठिकाण माहीत आहे, तुम्हीच जाऊन या.

“शिकायला काय आहे?” बाईंनी त्याचाच प्रश्न पुन्हा म्हटला. “तू फिरून आलास ना सगळीकडे?”

“आलो.”

“काय दिसलं?”

दिसलं होतं ते सांगायला जीभ रेटत नव्हती. ऑपरेशनच्या खोलीला कुलूप होतं. बाळंतिणींच्या वॉर्डात गाद्या गुंडाळून ठेवलेल्या.

“सर्जन?”

“गेले.”

“भूल द्यायला?”

“कुणी येत नाही.”

“आणि बाळंतपणं?”

“लोक थेट जिल्ह्याला नेतात. बरोबरच आहे त्यांचं. इथे काही अडलं तर मी एकटी काय करणार?”

निरंजननं चष्मा काढून पुसला.

“बाई, असं कसं चालेल...”

“नाही चालणार,” बाई म्हणाल्या.

इतक्यात दारात एक मुलगी डोकावली. गळ्यात स्टेथोस्कोप, ओढणी खांद्यावरून मागे टाकलेली. ही डॉक्टर रुकैया मुकादम, बाईंची सध्याची एकुलती एक रेसिडेंट.

“बाई, महादेव गोताड आलेत. धाप लागलीय म्हणतात. आत पाठवू?”

“पाठव.”

नाव निरंजनच्या कानाला ओळखीचं वाटलं, पण धागा लागेना. मग माणूस आत आला. उंच, वाकलेला, चिरेखाणीतली तांबडी धूळ पायाच्या भेगांत कायमची बसलेली. उजव्या हाताचं एक बोट चेचून चपटं झालेलं. ते बोट बघितलं आणि निरंजनला सगळं आठवलं.

माणूसही थबकला होता.

“खापरे डॉक्टर? तुमी खापरे डॉक्टर ना?”

“महादेवभाऊ!” निरंजन खुर्चीतून उठलाच. इतक्या वर्षांनी आंबेखोलात कुणीतरी आपल्याला ओळखलं, याचा त्याला अपार आनंद झाला. “आणि सुगंधा? सुगंधा कशी आहे आपली?”

...

सुगंधाला तो कधीच विसरला नव्हता.

महादेवची ही मुलगी शाळेच्या तपासणीत त्याच्यासमोर आली होती. दोन वेण्या, दात पुढे. घसा दुखून ताप येऊन गेलाय, मग गुडघे सुजले होते, एवढंच घरचे सांगत होते. निरंजननं तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि डोळे मिटून पुन्हा ऐकलं. हृदयाच्या ठोक्यामागे एक बारीक सुस्कारा होता. आधी तिला तपासलेल्या कुणालाच तो ऐकू आला नव्हता.

ताप हृदयावर गेला होता. झडप नीट मिटत नव्हती.

पुन्हा तसा ताप येऊ नये म्हणून दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन घ्यायचं होतं, तेही वर्षानुवर्षं. औषध दाट आणि जागा कमरेची. मोठी माणसं त्या इंजेक्शनला कळवळत. सुगंधानं पहिल्याच दिवशी दवाखाना डोक्यावर घेतला.

तेव्हा निरंजननं आपला स्टेथोस्कोप तिच्या कानांत घातला आणि दुसरं टोक तिच्या छातीवर ठेवलं.

“ऐक. काय वाजतंय?”

“कोणतरी दार आपटतंय.”

“बरोबर. आणि ते दार नीट लागत नाहीये. फटीतून वारा येतोय. आपण दर वेळी त्याला आतून थोडा टेकू लावायचा. लावू?”

ती ऐकत राहिली आणि सुई आत गेली. डोळ्यांतून पाणी आलं, पण ती हलली नाही. त्यानंतर दर वेळी तसंच. निरंजनचाच हात, निरंजनचाच स्टेथोस्कोप. दुसऱ्या कुणाला ती जवळ येऊ देत नसे.

ही केस त्यानं शहरात प्रोफेसरांसमोर मांडली. नुसत्या कानानं पकडलेली झडप! हॉलमध्ये कौतुकाची कुजबुज झाली. चहाच्या वेळी हृदयविभागाचे प्रमुख त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, तुझ्यासारख्यानं त्या खेड्यात काय करायचं? ये इकडे.

निरंजन परत आला तो बदलीचा अर्ज घेऊनच. आंबेखोलातलं पोस्टिंग अजून बरंच बाकी होतं.

“इथे शिकायला आहे काय, बाई?” असं तो तेव्हा म्हणाला होता.

बाईंनी काही न बोलता सही केली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तो गेला.

पुढे इतकी वर्षं तो विद्यार्थ्यांना ती गोष्ट सांगत आला होता. आंबेखोलची एक मुलगी, आणि तिच्या छातीतला तो सुस्कारा. कान कसा तयार करावा हे शिकवताना त्याला दुसरं उदाहरण कधी लागलंच नाही.

...

“सुगंधा नाय हो आता,” महादेव म्हणाला.

निरंजन हसत होता. ते हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, कारण ते पुसायचं कसं हे त्याला सुचेना.

“नाही म्हणजे...?”

महादेवनं बाईंकडे पाहिलं. बाई खाली मान घालून बसल्या होत्या. मग तो स्टुलावर टेकला आणि सांगू लागला. आवाजात तक्रार नव्हती. गावातली जुनी बातमी परगावच्या माणसाला सांगावी तसं तो सांगत होता.

“तुमी गेलात ते आमाला ठावंच नवतं. सुईचा दिस व्हता. पोर सकाळची न्हाऊन, वेण्या घालून तयार. इथं आलो तर दुसरे डॉक्टर. ती म्हणाली, माझे डॉक्टर येतील तवा घेईन.”

“मग?”

“मग काय. पुढच्या खेपंलाबी तेच. बाई घरी आल्या. लय वेळा आल्या. बाई दिसल्या की ही माळ्यावर चढून बसायची. एकदा आमी चौघांनी दाबून धरली नि सुई दिली. लय वरडली. त्याच्यामागं तिनं या वाटंला पाय ठेवला नाय.”

खोलीत फक्त महादेवचा श्वास ऐकू येत होता. बोलताना त्याला मधे मधे थांबावं लागत होतं.

“तशी बरी दिसायची ओ. शाळंत जायची, भातलावणीला यायची. आमी म्हटलं, गेला आजार. लगीन झालं. दिवस गेले नि आठव्या म्हयन्यात पाय सुजले, धाप लागली. जीपमदी घातली...”

तो थांबला. या वेळी श्वासासाठी नव्हे.

“घाट चढायच्या आदीच गेली. पोटातलंबी गेलं.”

...

“तुमचं नाव काढायची हां,” महादेव जरा वेळानं म्हणाला. “लग्नातबी म्हणाली, माझ्या डॉक्टरांना पत्रिका धाडा. पत्ता कुनाला ठाव? पन तुमी मोठे झालात, बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.”

त्यानं चपट्या बोटाचा तो हात निरंजनच्या हातावर ठेवला. निरंजनला हात काढूनही घेता येईना आणि ठेवताही येईना.

“महादेव, जरा बाहेर बाकावर बसा,” बाई म्हणाल्या. “बोलावते लगेच.”

तो गेला. रुकैया त्याला धरून बाहेर घेऊन गेली.



“मला कळवलं का नाहीत?” निरंजननं विचारलं.

“कळवून काय केलं असतंस?”

“आलो असतो.”

“आला असतास?”

निरंजननं खिडकीकडे पाहिलं. त्या वर्षांतला स्वतःचा दिवस त्याला आठवला. पहाटेचा राउंड, परिषदा, परदेशच्या फेलोशिपची धावपळ. आंबेखोलहून निरोप आला असता, तर त्यानं कुणाला तरी फोन करून औषधाचं नाव आणि मात्रा नीट समजावून सांगितली असती. आपण कर्तव्य केलं असंही त्याला वाटलं असतं.

“नाही,” तो म्हणाला. “नसतो आलो.”

बाईंनी मान हलवली.

“तिच्याच केसवर मी वर गेलो, बाई.”

“ठाऊक आहे.”

“मी रोज शिकवतो तिच्यावर. अजून. गेल्या आठवड्यातसुद्धा... ती जिवंत आहे असं धरूनच सांगत होतो मी.”

...

“इंजेक्शनं चालू राहिली असती तर ती वाचली असती का?”

“सांगता येत नाही. झडप आधीच बरीच बिघडलेली होती.”

“म्हणजे माझ्यामुळे नाही?”

“तेही सांगता येत नाही.”

निरंजन त्यांच्याकडे बघत राहिला. हो म्हणाल्या असत्या तरी त्यानं ते पत्करलं असतं, आणि नाही म्हणाल्या असत्या तरी. यातलं काहीच त्याच्या पदरात पडलं नाही.

“तुम्ही मला थांबवायला हवं होतं,” तो म्हणाला. शब्द बाहेर पडल्यावर ते किती पोरकट आहेत हे त्याला कळलं.

पण बाईंनी ते टाकून दिले नाहीत.

“थांबवायला नको होतं. जाणाऱ्यानं जावं. पण जाण्याआधी त्या पोरीच्या घरी जाऊन ये, एवढं मी सांगायला हवं होतं. मला राग आला होता तुझा. मी सही केली आणि कागद तुझ्याकडे सरकवला.” त्या थांबल्या. “तो राग मला महागात पडला.”

बाहेर महादेव खोकला. खोकला लांबला, मग थांबला.

निरंजन ताठ बसला. त्याचा निर्णय झाला होता. छातीवरचं ओझं थोडं हललं असंही त्याला वाटलं.

“बाई, मी मान्यता चालू ठेवायला सांगतो. सर्जन नसला तरी. मी समितीत भांडेन. माझं ऐकतात तिथे. प्रत्येक रेसिडेंटनं इथे यायलाच हवं. इथे जे शिकायला मिळतं ते...”

“ऑपरेशनच्या खोलीला कुलूप आहे,” बाई म्हणाल्या.

“असू दे.”

“असू दे कसं? रुकैया इथे आली तेव्हापासून तिच्या हातून एक बाळंतपण झालेलं नाही. उद्या ती कुठेतरी एकटी असेल आणि एखादी बाई अडेल. त्या बाईला काय सांगणार आहेस? डॉक्टर खापऱ्यांचं मन खात होतं, म्हणून तुझ्या डॉक्टरणीला शिकायला मिळालं नाही?”

निरंजननं भिंतींकडे हात केला.

“पण बाई, हे सगळं तुम्ही उभं केलंत...”

“उभं केलं म्हणून ते तुझ्या प्रायश्चित्ताला देऊ?” त्यांचा आवाज चढला नव्हता. “तुला दिसलं ते लिही. तुला पाहणीला पाठवलंय ना?”

त्यानं लिहिलं. दिसलं ते सगळं खरं होतं, आणि शेवटची ओळ त्यातून आपोआप निघत होती. रेसिडेंटच्या शिक्षणासाठी हे ठिकाण पुरेसं नाही. त्यानं खाली सही केली आणि त्याला वाटलं, आपण या दवाखान्याला दुसऱ्यांदा पाठ दाखवतो आहोत. फरक इतकाच, की या वेळी ते बरोबर होतं. बरोबर असल्यानं काहीही हलकं होत नव्हतं.

बाईंनी रुकैयाला हाक मारली.

“सांग तिला,” त्या निरंजनला म्हणाल्या. “तूच सांग.”

“डॉक्टर रुकैया,” निरंजननं घसा साफ केला, “तुमचं इथलं पोस्टिंग बंद होतंय. महिनाअखेर तुम्ही शहरात रुजू व्हाल. तिथे प्रसूती विभागात तुम्हाला भरपूर काम मिळेल.”

मुलीच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला. तो निरंजननं अगदी स्पष्ट पाहिला, कारण तो आनंद त्याच्या ओळखीचा होता. मग तिच्या कपाळाला आठी पडली.

“आणि माझे पेशंट?”

“बघेल ना कुणीतरी.”

शब्द सवयीनं बाहेर पडले. त्या जुन्या सकाळच्या गाडीत, खिडकीशी बसून, त्यानं स्वतःला हेच सांगितलं होतं. नेमकं हेच. बघेल ना कुणीतरी.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्या रुकैयाला म्हणाल्या, “उद्यापासून ओपीडी मी बघते. तू घरं फिर. ज्याला ज्याला तू हात लावलास, त्याला तुझ्या तोंडानं सांग की तू जाणार आहेस.”

“घाडगेआजी रडतील, बाई. त्यांना वाटतं मी इथेच राहणार.”

“रडू दे.”

“मी काय बोलू तेव्हा?”

“काही नको. त्यांचं रडून होईपर्यंत बस. मग पुढच्या घरी जा.”

रुकैयानं मान हलवली. जाताना तिनं दार ओढून घेतलं, पण ते पुरतं लागलं नाही.

फटीतून बाकाची कड दिसत होती. त्यावर महादेव पुढे झुकून बसला होता. दोन्ही तळहात गुडघ्यांवर, खांदे प्रत्येक श्वासाला वर उचलले जात होते. वर्षानुवर्षं दगडाची धूळ आत घेतलेल्या माणसाचं ते बसणं होतं. पण निरंजनला आधी डॉक्टरच्या नजरेनं काही दिसलंच नाही. दिसला तो एक बाप, ज्यानं मघाशी त्याच्या हातावर हात ठेवून बरं वाटलं म्हटलं होतं.

“बाई, ते अजून बसलेत.”

“हं.”

“तुम्ही बोलावणार होतात त्यांना.”

“हो.”

बाई हळूहळू उठल्या. टेबलाला धरून बाजूला झाल्या. आपली खुर्ची त्यांनी थोडी मागे ओढली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

निरंजनला कळलं, ती त्याच्यासाठी आहे. तो जागचा हलला नाही.

“मला नाही जमणार.”

बाई उभ्याच होत्या.

“माफी मागू त्यांची?”

“पण त्यांनी आधीच माफ केलंय,” तोच पुढे म्हणाला. “ त्यांनी माफ केलंय हेच मला सहन होत नाहीये. सुगंधाबद्दल बोलू? की नको बोलू?”

बाहेर खोकल्याची उबळ आली. रुकैयाचा आवाज आला, पाणी देऊ का, आणि महादेवचा, नको गं पोरी, होईल कमी.

निरंजन खुर्चीपाशी आला आणि बसला. पहिल्याच दिवशी दवाखान्यात आलेल्या नवख्यासारखा तो दाराकडे बघत होता. बाईंनी दार उघडलं. महादेव बाकाचा आधार घेत उठला आणि आत यायला निघाला.

“बाई,” निरंजन घाईघाईनं, अगदी हळू आवाजात म्हणाला, “मी काय बोलू त्यांच्याशी?”

बाई म्हणाल्या,

“काय होतंय, ते विचार.”